जिंकलो, पण बिल कोणी भरायचं?



मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी कॉम्प्युटरसमोर बसायला बंदी केली होती, म्हणून दोन महिने इथे शुकशुकाट होता. आज बंदी मोडतोय. कारण तसंच आहे.

मागच्या रविवारी भाचा पेढे घेऊन आला. नागपूर खंडपीठात केस जिंकल्याचे पेढे. मी पेढा तोंडात टाकला आणि सवयीने विचारलं, "खर्च किती मिळाला?"

तो हसला. "खर्च कोठचा भेटते जी मामाजी? जितलो हेच गंज झालं."

पेढा कडू लागला असं म्हणणार नाही, भंडाऱ्याचा होता, चांगलाच होता. पण ते वाक्य काही घशाखाली उतरेना. आज चार दिवस झाले, तिथेच अडकून आहे. म्हणून तुमच्यापुढे मांडतो.

आधी हकिगत सांगतो. भाच्याचं लोखंडी फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. चार माणसं, दोन वेल्डिंग मशीन, डोक्यावर टिनाचं शेड. एका सरकारी कार्यालयाने (नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही, असं कार्यालय तुमच्याही गावात असेल) शाळांसाठी पाचशे डेस्क-बेंचची निविदा काढली. भाच्याने भरली. तांत्रिक लिफाफा उघडला तेव्हा एका पानावर सही राहिली म्हणून त्याला बाद केलं. दराचा लिफाफा उघडलाच नाही. ज्याला काम दिलं त्याने तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला जोडला होता. गंमत अशी, की दाखल्यातलं पहिलं काम त्या फर्मच्या नोंदणीच्याही आधीचं होतं! मूल जन्मायच्या आधीच शाळेच्या हजेरीपटावर. छत्तीस वर्षं हजेरीपट भरले, असा विद्यार्थी मला कधी भेटला नाही.

भाच्याने लेखी तक्रार दिली. आवक-जावकचा शिक्का मिळाला, उत्तर मिळालं नाही. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज केला. मुदतीत माहिती आली नाही, म्हणून पहिलं अपील. तेव्हा कुठे तो दाखला हाती लागला. शेवटी नागपूरला वकील गाठला आणि रिट याचिका टाकली. कामाला स्थगिती मिळाली. अडीच वर्षांनी निकाल लागला : एकाला एक पान सही नाही म्हणून बाहेर काढता आणि दुसऱ्याचा अशक्य दाखला डोळे मिटून घेता, ही समान वागणूक नव्हे. निविदा प्रक्रिया रद्द, नव्याने करा. आणि शेवटची ओळ : खर्चाबाबत आदेश नाही.

त्या शेवटच्या ओळीवर माझा आक्षेप आहे.

मास्तर असल्यामुळे मी भाच्याला वही आणायला लावली आणि हिशेब मांडला. वकिलाची फी 1,40,000. टायपिंग, झेरॉक्स, शपथपत्रं 11,000. नागपूरच्या 26 फेऱ्या, एस.टी., जेवण, कधी मुक्काम, मिळून 19,500. किरकोळ 5,500. एकूण 1,76,000 रुपये. 26 दिवस वर्कशॉप त्याच्याविना चाललं (म्हणजे चाललं नाही), ते यात धरलेलं नाही.

आता दुसरी बाजू बघा. फेरनिविदा निघाली तेव्हा दर आधीपेक्षा बाकामागे 640 रुपयांनी कमी आला. 500 बाकांचे झाले 3,20,000. म्हणजे माझ्या भाच्याने सरकारी तिजोरीचे सव्वातीन लाखांच्या आसपास वाचवले, त्यासाठी स्वतःचे पावणेदोन लाख घातले, आणि परत मिळाले शून्य. बरं, ती फेरनिविदा तरी त्याने भरली का? नाही. बयाणा रक्कम भरायला पैसेच उरले नव्हते. काम तिसऱ्याच फर्मला गेलं. लढला हा, वाचले सरकारचे, काम केलं तिसऱ्याने.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. मी वर्गात ही म्हण मुलांना समजावून सांगितली आहे, फळ्यावर लिहून दिली आहे. आता लाज वाटते. कारण ही म्हण ज्याची चूक आहे त्याच्या फायद्याची आहे. शहाणे पायरी चढत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आणि कोर्टात उभं राहिल्यावर काय होतं बघा. कार्यालयाच्या बाजूने सरकारी वकील. त्याचा पैसा तिजोरीतून, म्हणजे भाचा जो जीएसटी भरतो त्यातूनही. भाच्याच्या बाजूने त्याचा वकील, तो त्याच्या खिशातून. म्हणजे दोन्ही बाजूंच्या वकिलांना पैसे देणारा माणूस एकच! ज्याने चुकीच्या कागदावर सही केली त्याचा एक रुपया गेला नाही, एक सुटीसुद्धा गेली नाही. तारखेच्या दिवशी तो 'कार्यालयीन कामानिमित्त' नागपूरला होता. भत्त्यासह.

कायदा काय म्हणतो ते जमेल तेवढं वाचलं. (बी.ए. मराठी माध्यमातून केलं असल्याने हायकोर्टाची इंग्रजी मला दोनदा वाचावी लागते. पण वेळ भरपूर आहे.) दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 35 सांगतं, की खर्च साधारणपणे निकालाच्या मागे जावा, म्हणजे हरणाऱ्याने द्यावा. तसं करायचं नसेल तर न्यायालयाने कारण लिहावं. किती शहाणं कलम! पण रिट याचिकेला ही संहिता जशीच्या तशी लागू होत नाही, तिथे खर्चाचा विषय न्यायमूर्तींच्या विवेकावर सोडलेला आहे. आणि जिथे लागू होते तिथे तरी काय? खोट्या दाव्यासाठी भरपाईवजा खर्च देणाऱ्या कलम 35-अ मध्ये कमाल मर्यादा तीन हजार रुपये आहे. ही मर्यादा 1976 च्या दुरुस्तीची. तेव्हा माझा महिन्याचा पगार किती होता ते आठवलं की हसू येतं.

सर्वोच्च न्यायालयाला हे दिसलं नाही असं नाही. 2005 साली सेलम वकील संघाच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं, की खर्च म्हणजे प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च : वकिलाची फी, टायपिंग, प्रवास, मुक्काम आणि जिंकणाऱ्याचा गेलेला वेळसुद्धा. 2011 मध्ये संजीवकुमार जैन प्रकरणात ती तीन हजारांची मर्यादा एक लाखापर्यंत न्यावी असं सुचवलं. 2012 मध्ये विधी आयोगाने याच विषयावर एक अख्खा अहवाल दिला, क्रमांक 240. मग 2015 च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने मोठ्या व्यापारी दाव्यांपुरतं 'हरणाऱ्याने द्यावं' हे स्पष्ट लिहिलं आणि तिथली ती मर्यादाही काढली. म्हणजे कंपनी कंपनीशी भांडली तर खर्च मिळण्याची सोय झाली. वेल्डिंगवाला सरकारशी भांडला तर? विवेक.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, एका भाच्यावरून एवढं रामायण कशाला? म्हणून दोन मोठी उदाहरणं देतो.

पहिलं जुनं. मुंबई विमानतळावर दुय्यम दर्जाचं उपाहारगृह चालवायची निविदा निघाली होती. अट अशी, की पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत हॉटेलवालाच हवा. काम मिळालं ते त्या अटीत न बसणाऱ्याला. रमण दयाराम शेट्टी नावाचे गृहस्थ मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. 1979 साली निकाल आला आणि त्यातलं तत्त्व आजही प्रत्येक निविदेच्या वादात सांगितलं जातं : सरकारने स्वतः घातलेली अट सरकारवर बंधनकारक आहे, मनात आलं म्हणून ती सोडता येत नाही. पण शेट्टींना काय मिळालं? न्यायालय म्हणालं, तुम्ही उशिरा आलात, तोवर समोरच्याने काम सुरू करून खर्चही केला आहे. अपील फेटाळलं. तत्त्व देशाला मिळालं आणि शेट्टी रिकाम्या हाताने घरी गेले. माझ्या भाच्याची केस ज्या तत्त्वावर जिंकली ते त्यांच्या खर्चाने उभं राहिलेलं आहे.

दुसरं अलीकडचं. अंगणवाडीतल्या लेकरांच्या घरपोच आहाराचं काम कंत्राटदारांना देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच बजावलं होतं. तरी 2016 मध्ये महाराष्ट्रात निविदा निघाली ती अशा अटींची, की खेड्यातला महिला बचत गट दारातच अडखळावा. रक्कम होती सुमारे 6,300 कोटी. बचत गट कोर्टात गेले, उच्च न्यायालयात हरले, तरी थांबले नाहीत, दिल्लीपर्यंत गेले. 26 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने ती कंत्राटं रद्द केली आणि नव्याने निविदा काढायला सांगितलं. निविदा ते निकाल, तीन वर्षं. आमच्या गावातल्या बचत गटाची महिन्याची वर्गणी किती असते ते मला माहीत आहे, माझी सून त्यात आहे. त्या वर्गणीतून दिल्लीचा वकील लावायचा म्हणजे किती जन्म लागतील, हिशेब तुम्हीच करा.

आणि आपल्या दारातलं गोसेखुर्द तर आहेच. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, मूळ किंमत 372 कोटी. ती पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेली. यातल्या निविदांत काय काय झालं हे लोकांसमोर यायला नागपूरच्या जनमंचला जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा कुठे 2014 च्या डिसेंबरात सरकारने लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडून चौकशीची तयारी दाखवली. मी पवनीकडे जाताना ते अजस्र धरण बघतो आणि मनात येतं, 1988 पासून एखाद्या लहान ठेकेदाराला 'तक्रार खरी ठरली तर तुझा खर्च आम्ही देऊ' असं कोणी सांगितलं असतं, तर कितीजण आधीच बोलले असते?

बाहेरच्या देशांत काय आहे? अमेरिकेत 1984 च्या कायद्यापासून अशी सोय आहे, की निविदेबाबतची तक्रार त्यांच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मान्य केली तर वकिलाच्या फीसह तक्रारीचा खर्च द्यावा अशी शिफारस ते कार्यालय संबंधित खात्याला करू शकतं. तक्रारदाराने 60 दिवसांत आपला हिशेब त्या खात्याकडे द्यायचा. मोठ्या कंपन्यांच्या वकिलाच्या फीला ताशी मर्यादा आहे, लहान उद्योगांना ती मर्यादा नाही. वाचा पुन्हा : लहानाला सूट, मोठ्याला लगाम. आपल्याकडे याच्या उलट चालतं. कॅनडात तर खर्चाच्या ठरलेल्या तीन पायऱ्या आहेत. तक्रार सोपी, मध्यम की गुंतागुंतीची हे बघायचं आणि त्या पायरीची रक्कम द्यायची. वाद संपला.

आपल्याकडे सरकारी खरेदीचा केंद्रीय कायदाच नाही. 2012 मध्ये लोकसभेत विधेयक आलं होतं, 2014 मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. तमिळनाडूने 1998 मध्ये आणि कर्नाटकाने 1999 मध्ये स्वतःचे कायदे केले, त्यांत अपिलाची सोय आहे. आपल्या महाराष्ट्राचा गाडा 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने दिलेल्या नियमपुस्तिकेवर आणि पुढच्या दुरुस्त्यांवर चालतो. पुरोगामी राज्य म्हणवून घेतो आपण!

आता आक्षेपांकडे येतो. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात यावर भरपूर डोकेफोड झाली, त्यातले तीन मुद्दे खरंच वजनदार होते.

एक, खर्च मिळतो म्हटलं की ज्याची निविदा गेली तो प्रत्येकजण कोर्टात धावेल. माझं म्हणणं, खर्च जिंकणाऱ्याला मिळेल, धावणाऱ्याला नाही. उलट खोटी तक्रार करणाऱ्याकडून तेवढाच वसूल करा. आज खोट्या तक्रारदारालाही फारसा भुर्दंड नाही आणि खऱ्यालाही परतावा नाही. दोघांना एकाच दावणीला बांधलंय.

दोन, कामं अडतात. हा मुद्दा मला बोचला. भाच्याच्या केसमुळे अडीच वर्षं ते बाक आले नाहीत, आणि तेवढा काळ पोरं जमिनीवर बसली. मी मास्तर आहे, मला ते दिसतं. सर्वोच्च न्यायालयानेही 2022 मध्ये सांगितलं, की निविदेच्या वादात कामाला स्थगिती देताना हात आखडता घ्यावा, त्याऐवजी नुकसानभरपाईचा मार्ग दाखवावा. ठीक आहे, मान्य. पण मग ती भरपाई सहज मिळाली पाहिजे ना? स्थगिती नाही, खर्च नाही, आणि भरपाईसाठी पुन्हा कोर्ट फी भरून दिवाणी दावा लावा, म्हणजे आणखी दहा वर्षं. काम थांबवू नका असं म्हणायचं असेल तर खर्च देण्याची तयारी आधी ठेवावी लागेल. आणि ती पोरं जमिनीवर बसली ती भाच्यामुळे की तो दाखला न वाचणाऱ्यामुळे, याचंही उत्तर एकदा द्या.

तीन, खर्च तिजोरीतून दिला तर पैसा शेवटी आपलाच. हो, आपलाच. पण मी वर हिशेब दिलाय : पावणेदोन लाख देऊनही तिजोरीत दीड लाखाच्या जवळ उरले असते. शिवाय तो भार तिजोरीवरच राहावा असंही नाही. 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नागरिकाला छळल्याची भरपाई द्यायला लावली आणि ती जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितलं. वाट पाडलेली आहे, तिच्यावरून कोणी चालत नाही एवढंच.

एवढं बोलल्यावर एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हे सगळं शहाजोगपणाचं ठरेल. मी मुख्याध्यापक असताना शाळेसाठी टाटपट्ट्या घ्यायच्या होत्या. नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं. दुकानदाराने तिन्ही आणून दिली. तीन वेगळ्या दुकानांचे शिक्के, आणि तिन्हीवर अक्षर एकाच माणसाचं. अक्षर ओळखणं हा तर माझा धंदा! मी ओळखलं, आणि सही केली. टाटपट्ट्या चांगल्या होत्या, दरही फार नव्हता, वरून मार्चअखेर. अशी सगळी कारणं मी स्वतःला दिली. त्या वेळी गावातला दुसरा दुकानदार भेटून म्हणाला होता, "गुरुजी, आमाले नाही विचारलं." मी म्हणालो, "पुढच्या वेळी बघू."

तो तक्रार करणार नाही हे मला माहीत होतं. परवडणारच नव्हतं त्याला. माझ्यासारखा, इतर बाबतीत बरा असलेला माणूस त्या एका भरवशावर सही करून मोकळा झाला. तक्रार खरी ठरली तर त्याचा खर्च तुमच्या पगारातून जाईल, एवढी एक ओळ त्या कागदावर असती, तर माझा पेन थांबला असता. म्हणून मी जे मागतोय ते मुळात माझ्यासारख्यांसाठीच आहे. अट्टल चोराला काही फरक पडणार नाही. पण 'चालतं हो' म्हणणाऱ्या आम्हा शेकडोंना पडेल.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक निविदेच्या कागदात एक अट छापा : तक्रार न्यायालयात किंवा अपिलात खरी ठरली, तर तक्रारदाराचा वाजवी खर्च 60 दिवसांत दिला जाईल. त्यासाठी कॅनडासारख्या पायऱ्या ठरवा, म्हणजे पावत्यांवर पुन्हा भांडण नको. आणि चौकशी करून ज्याची चूक असेल त्याच्याकडून तो वसूल करा. एका शासन निर्णयाने याची सुरुवात होऊ शकते.

आणि वकील मंडळींनाही हात जोडून सांगणं : याचिकेच्या शेवटी 'खर्चासह' हा शब्द तुम्ही लिहिता, पण निकालाच्या दिवशी त्यावर एक मिनिटही बोलत नाही. भाच्याच्या याचिकेतही तो शब्द होता. हिशेब जोडलेला नव्हता, कोणी मागितलाही नाही. मागितल्याशिवाय आई जेवायला वाढत नाही, तिथे सरकार काय देणार! तेव्हा तक्रार करायची असेल तर पहिल्या दिवसापासून वही घाला. एस.टी.चं तिकीटसुद्धा चिकटवा.

भाचा निघताना म्हणाला, "जाऊ द्या जी मामाजी, झालं गेलं." मी नाही जाऊ दिलं. त्याला बसवून घेतलं आणि 1,76,000 रुपयांचं बिल माझ्या अक्षरात लिहिलं. बाब, तारीख, रक्कम, सगळं रकान्यात. खाली भाच्याची सही घेतली (प्रत्येक पानावर!) आणि सोमवारी त्या कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवून दिलं. ते द्यायला बांधलेले नाहीत हे मला कळतं. पण त्यांच्या टपालात ते एकदा नोंदवलं तरी जाईल, आणि कोणाला तरी त्यावर शेरा मारावा लागेल.

शेरा काय येतो ते इथे कळवीन. नाही आला तरी कळवीन.

तुमच्यापैकी कोणाला असा खर्च कधी परत मिळाला असेल तर जरूर लिहा. पुढच्या वेळी पेढे मी आणीन.